बेटोबाचा कोल्हा

भाषाभवनाला पाच मजले आणि लिफ्ट एकच. लिफ्ट जुन्या वळणाची. बाहेरचं जाळीचं दार ओढा, मग आतलं ओढा, मग पितळी दांडा उजवीकडे फिरवा, तेव्हा कुठं ती गाभण म्हशीसारखा सुस्कारा टाकून वर निघायची. मजल्याच्या बरोबरीला थांबवणं त्याहून अवघड. दांडा लवकर सोडला तर माणसं ठेचकाळायची, उशिरा सोडला तर उडी मारून उतरायची. हे काम तेहेतीस वर्षं बिनबोभाट करणारा माणूस एकच, आणि त्याला सगळे बेटोबा म्हणायचे.

बेटोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गडी एका लांबच्या बेटावरचा, म्हणून बेटोबा. एकोणिसाव्या वर्षी मालवाहू बोटीवर भांडी घासायला लागला. बोट इथल्या बंदरात दुरुस्तीला लागली ती तीन महिने हललीच नाही, आणि तेवढ्यात ह्यानं किनाऱ्यावर लग्न जमवलं. बोट गेली, हा राहिला. पुढं चार ठिकाणी धक्के खात भाषाभवनाच्या लिफ्टमध्ये येऊन स्टुलावर बसला तो बसलाच.

लिफ्टवाल्याला कोण विचारतो? पण एक दिवस लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये अडकली. आत बेटोबा आणि पाचव्या मजल्यावरचा एक लांबलचक, काडीसारखा विद्यार्थी. बेटोबानं दांड्याला आपल्या बेटाच्या भाषेत आईबहिणीवरून काय काय ऐकवलं. दुसरा कुणी घाबरला असता. ह्या पठ्ठ्यानं खिशातून वही काढली आणि म्हणाला, "परत एकदा म्हणा ना. जरा सावकाश."

पाचवा मजला म्हणजे तुलनात्मक साहित्याचा विभाग. तिथं एम.ए. करायचं, पुढं पीएच.डी. करायची, आणि अट एकच, पश्चिमेकडचं काही घ्यायचं नाही. म्हणजे पश्चिम सोडून उरलेलं जग, जे मोजायला गेलं तर जवळजवळ सगळंच निघतं. एका देशातली गोष्ट घ्यायची, दुसऱ्या देशातली घ्यायची, शेजारी शेजारी बसवायची आणि सोयरिकीला आलेल्या मंडळींसारखं निरखायचं. नाक कुणासारखं, चाल कुणासारखी, मुळात घराणं कुठलं. भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा होता. ज्या गावची गोष्ट मिळाली तिथं टाचणी, जुळणाऱ्या दोन गोष्टींमध्ये तांबडा दोरा. बेटोबाचं बेट त्या नकाशावर एवढं बारीक होतं, की टाचणी टोचल्यावर तिच्या डोक्याखाली अख्खं बेट झाकलं गेलं.

त्या लांबलचक विद्यार्थ्याला सगळे लंबू म्हणत. लंबूनं अर्जविनंत्या करून बेटोबाला विभागाचा 'मूळभाषक' करून घेतलं. म्हणजे ज्याच्या आईची भाषा ती आहे आणि जो समोर बसून बोलून दाखवील असा जिवंत माणूस. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक लिफ्टला पाटी लागायची, 'लिफ्ट बंद आहे. अभ्यास चालू आहे.' मग बेटोबा स्टुलावर, लंबू खाली सतरंजीवर, मध्ये टेपरेकॉर्डर. चौथ्या मजल्यावरचे भाषाशास्त्राचे जाडजूड मास्तर जिना चढताना दर वळणावर थांबून दोघांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत वर जायचे.

बेटोबाला गोष्टी येत होत्या अकरा. सगळ्या मावशीकडून आलेल्या. मावशी मासेमारीची जाळी विणायची आणि विणता विणता सांगायची. जाळ्याची एक फेरी पुरी झाली की गोष्ट पुरी. समुद्र बोलला की गाठ डावीकडून, जमीन बोलली की उजवीकडून, आणि शेवटची गाठ दुहेरी घालून दातानं आवळायची. बेटोबानं अकराच्या अकरा गोष्टी तीन आठवड्यांत सांगून टाकल्या. लंबूनं उतरवून घेतल्या, वर नेल्या, जगभरच्या गोष्टींच्या कार्डांच्या खणांत आठ दिवस डोकं घातलं आणि तोंड पाडून खाली आला.

"काय झालं?"

"जुळत नाहीत हो."

"कशाशी?"

"कशाशीच नाही! तुमच्या पहिल्या गोष्टीतल्यासारखा खेकडा जगात कुणाकडे नाही. तुमच्या गोष्टींना नातेवाईकच नाहीत. मी तुलना कशाची करू? माझं सगळं वर्ष बुडालं."

पोरगा रडायच्या बेतात होता. बेटोबाला वाईट वाटलं. आपण मावशीच्या गोष्टी दिल्या आणि त्यात आपलीच काही चूक झाली, असं त्याला वाटायला लागलं. मग लंबूनं नाक पुसत विचारलं, "एका लांबच्या पठारावर मेंढपाळ लोक आहेत. त्यांच्यात एक गोष्ट आहे. कोल्हा आपली सावली उन्हातल्या वाटसरूंना बसायला उसनी देतो. संध्याकाळी परत घेतो तर ती वापरून वापरून ताणली गेलेली, लांबच लांब झालेली. ती ठेवायची कुठं म्हणून बिचारा रानभर पळत सुटतो. असं काही तुमच्याकडे आहे का?"

आता इथं बेटोबाचं काय चुकलं ते नीट बघा. आलेल्या माणसाला 'घरात काही नाही' म्हणायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती. शिवाय मनात आलं, मेंढ्या हाकणाऱ्या लोकांकडे आहे आणि आमच्याकडे नाही? आमचं बेट काय ओवाळून टाकलंय?

"आहे की!" बेटोबा म्हणाला.

लंबू ताडकन उठला, त्याचं डोकं लिफ्टच्या दिव्याला आपटलं. "आहे? कोल्ह्याचीच?"

"कोल्ह्याचीच. फक्त आमच्याकडे वाटसरू नाहीत, कोळी आहेत."

"पण तुमच्या बेटावर कोल्हा आहे?"

जन्मात बेटोबानं कोल्हा बघितला नव्हता. "पूर्वी होता," तो म्हणाला.

ह्या दोन शब्दांवर लंबूनं प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहिलं. पानं साठ. बेटावर कोल्हा नाही पण गोष्टीत आहे, याचा अर्थ बेटावरच्या लोकांचे पूर्वज पठारावरून आले, आणि येताना कोल्हा नाही तरी कोल्ह्याची आठवण घेऊन आले. परीक्षकांनी माना डोलावल्या. लंबू डॉक्टर झाला.

मग काय विचारता! दरवर्षी नवी पोरं यायची, सतरंजीवर बसायची आणि विचारायची, "असं काही तुमच्याकडे आहे का?" वाळवंटातली उंटीण आली, बेटोबाकडे होती. डोंगरातली रुसकी विहीर आली, बेटोबाकडे होती. बर्फातला म्हातारा आला, तर बेटोबानं फक्त बर्फाच्या जागी फेस घातला. एकटा बसला की तो त्या गोष्टींना बेटाचं मीठ लावायचा, एखादा वारा, एखादी होडी, आणि मंगळवारपर्यंत गोष्ट अशी मुरायची की त्याला स्वतःलाच शंका यायची, मावशीनं सांगितलेली तर नव्हे?

घरी बायको होती. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, आणि जिभेलाही सवय इस्त्रीचीच.

"अहो," एकदा ती पुस्तक हातात घेऊन म्हणाली, "ही सुसरीची गोष्ट तर माझ्या आईची. लेकरांना झोपवताना मी सांगायचे. ही तुमच्या बेटावर कधी पोचली?"

"गेली असेल पोहत."

"माझी आई उभ्या जन्मात गावाबाहेर गेली नाही, आणि तिची सुसर समुद्र ओलांडून गेली!"

"सुसर आहे, तिला कोण अडवणार?"

बायको ज्यातून वाचत होती ते पुस्तक लंबूनं छापलेलं होतं. एव्हाना लंबू विभागप्रमुख झाला होता, पोट सुटलं होतं, आणि लोक त्याला साहेब म्हणत होते. पुस्तकात बेटावरच्या चाळीस गोष्टी होत्या. मावशीच्या अकरांतली एकही नव्हती, कारण त्यांना कुणी नातेवाईक नव्हते. साहेबांनी उपकाराची फेड म्हणून दोन पेट्या भरून पुस्तकं बेटावरच्या एकुलत्या एका शाळेला धाडून दिली, आणि ती गोष्ट सगळे विसरून गेले. त्याला चोवीस वर्षं झाली. नकाशावर बेटाच्या टाचणीला इतके तांबडे दोरे गुंडाळले गेले, की ती टाचणी भोवऱ्यासारखी दिसायला लागली. जगातल्या निम्म्या गोष्टी त्या टीचभर बेटावरून निघाल्या की तिथं येऊन बुडाल्या, यावर पाचव्या मजल्यावर दोन तट पडले होते.

आणि एका सोमवारी साहेब लिफ्टमध्ये शिरले ते हसतच.

"बेटोबा, तोंड गोड करा! तुमच्या बेटावरची मुलगी येतेय. एम.ए.ला. तुमच्या गोष्टींवरच काम करायचंय तिला. परवा येईल."

बेटोबाच्या हातून दांडा सुटला. लिफ्ट चौथ्या मजल्याच्या हातभर वर जाऊन थांबली.

"काय हो? आनंदानं हात कापले वाटतं!"

"हो ना," बेटोबा म्हणाला. इतकी वर्षं परक्यांना शेंडी लावणं वेगळं. आता घरचं माणूस येणार, पहिली गोष्ट ऐकणार आणि सगळ्यांसमोर विचारणार, हा कोण थापाड्या आपल्या बेटाच्या नावावर खातोय?

घरी त्यानं अंथरूण धरलं. बायकोनं कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही. कोल्हा चावला वाटतं."

"तुला सगळ्यात गंमत सुचते. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"चाळीस वेळा 'आहे' म्हणालात, एकदा 'नाही' म्हणायला जीभ झडली होती का? उठा, कामाला जा. पोरगी काय गिळतेय तुम्हाला?"

बुधवारी ती आली. तेवीसेक वर्षांची, केस आखूड, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. लिफ्टचं दार ओढलं आणि बेटोबाशी थेट बेटाच्या भाषेत बोलली. "मामा, मी आले!"

बेटोबाच्या कानांनी अडतीस वर्षांत ही बोली दुसऱ्याच्या तोंडून ऐकली नव्हती. तो काहीतरी बोलला. ती खळखळून हसली. "अय्या, तुम्ही तर आमच्या आजोबांच्या वेळचं बोलता! दारूच्या दुकानाबाहेर म्हातारे बसतात ना, अगदी तस्सं."

पहिला मजला गेला, दुसरा गेला. बेटोबा घाम पुसत वाट बघत होता, आता विचारेल, मग विचारेल. तिसऱ्यावर ती म्हणाली, "मामा, माझी सगळ्यात आवडती कोल्ह्याची. सावलीवाला कोल्हा. लहानपणी मी संध्याकाळी माझी सावली बघून पळायचे."

"तू? कुठं?"

"कुठं म्हणजे? आपल्या किनाऱ्यावर! आमच्या शाळेत रोज एक गोष्ट असते ना पुस्तकातली. आता तर सगळ्या बेटाला पाठ आहेत. शाळेच्या दारावर कोल्हा रंगवलाय. आपला कोल्हा!"

बेटोबानं लिफ्ट पाचव्या मजल्याला इतकी अलगद लावली, की वाटीतलं पाणी हललं नसतं.

त्यानंतरचे दोन महिने म्हणजे बेटोबाची चंगळ. पोरगी मंगळवार-शुक्रवार यायची, सतरंजीवर बसायची आणि त्याच्याच गोष्टी त्याला सांगायची. सुसर आता खाडीत राहत होती, त्या खाडीला नावही पडलं होतं. रुसकी विहीर म्हणे शाळेमागे होती, मुलं तिला रोज विचारून पाणी काढत. बेटोबा कौतुकानं ऐकायचा आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा, "तुझ्या आईच्या सुसरीला पिल्लं झाली." बायको म्हणायची, "मग आईला कळवते. बारशाला बोलवा म्हणावं."

एका शुक्रवारी सगळं गाडं उलटलं. बोलता बोलता बेटोबा रंगात आला. म्हणाला, "पोरी, आज तुला पुस्तकात नसलेली सांगतो. खास घरची." आणि त्यानं खेकड्याची गोष्ट लावली. समुद्र आणि जमीन भांडतात. भरती-ओहोटीच्या मधला वाळूचा पट्टा कुणाचा? समुद्र म्हणतो, मी सकाळी तिथं होतो. जमीन म्हणते, दुपारी कुठं होतास? समुद्राच्या बाजूनं बगळे साक्षीला येतात, जमिनीच्या बाजूनं झाडं. झाडांना यायला उशीर होतो, म्हणून निकाल लांबतो. शेवटी ठरतं, अर्धा दिवस तुझा, अर्धा माझा. सगळे खूष होऊन घरी जातात. आणि त्याच वाळूतल्या बिळातून...

"मामा," पोरगी मध्येच म्हणाली, "ही आपल्याकडची नाही."

"काय?"

"पुस्तकात नाही. कधी ऐकली पण नाही. तुम्ही बोटीवर कुणाकडून तरी उचलली असेल. होतं असं. विभागात शिकवलंय आम्हाला, परदेशी राहिलेल्या मूळभाषकाच्या आठवणीत बाहेरचा माल मिसळतो." आणि तिनं टेपरेकॉर्डर बंद केला. अगदी प्रेमानं. म्हाताऱ्या माणसाचं तोंड पुसावं तसं.

बेटोबाच्या तोंडात कुणी मारली असती तर इतकं लागलं नसतं. घरी जेवणाच्या ताटावर तो नुसता बसून राहिला.

"काय झालं आता?" बायको म्हणाली.

"मावशी खोटी ठरली. कोल्हा खरा आणि मावशी खोटी."

बायकोनं पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. नवऱ्याची मावशी तिनं बघितली नव्हती, पण लग्नानंतर पहिलं वर्षभर ह्या माणसानं दुसरं काही बोलून दाखवलं नव्हतं. तिनं भांडी आवरली, हात पुसले आणि म्हणाली, "मग सांगून टाका तिला."

"काय सांगू? चाळीस माझ्या थापा आहेत? माझं काय होईल?"

"तुमचं काय व्हायचंय? लिफ्ट तर काही कोल्हा चालवत नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तुमच्या मागे तुमच्या मावशीचं नाव घेणारं कुणी नाही. माझ्या आईची सुसर मात्र राहील." ती दिवा मालवून गेली. हा हिशेब बेटोबाला उभा-आडवा कसाही मांडला तरी चुकत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी पोरगी तिच्या कामाचा आराखडा घेऊन आली. आज दुपारी तो साहेबांच्या टेबलावर जायचा होता, आणि एकदा गेला की विषय बदलता येत नसे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बेटावरचा कोल्हा'. ती आत आली, बेटोबानं दारं ओढली, दांडा फिरवला आणि बरोबर तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये लिफ्ट उभी केली.

"मामा, अडकली?"

"अडकली नाही. अडकवली. पोरी, बेटावर कोल्हा नव्हता."

"ठाऊक आहे. पूर्वी होता. साहेबांचं चौथं प्रकरण."

"पूर्वीही नव्हता. कोल्हा साहेबांचा. सुसर माझ्या सासूची. उंटीण कुठल्या तरी वाळवंटातली, मला तर तिला पाय किती तेही धड ठाऊक नाही. ही पोरं विचारायची, तुमच्याकडे आहे का, आणि मी म्हणायचो, आहे. चाळीसच्या चाळीस असल्याच. आपल्या फक्त अकरा, आणि त्या कुणाला नको होत्या."

पोरगी आधी हसली. मग तिला दिसलं की हा हसत नाही. "खोटं बोलताय."

"एवढी वर्षं बोललो, आता नाही."

"पण आमच्या शाळेच्या दारावर..." ती लालबुंद झाली. "मी सगळ्यांना सांगत आले, आमच्याकडे कोल्हा आहे! प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितलं! आणि आता तुमचा खेकडा खरा कशावरून? तोपण थापच असेल, एक्केचाळिसावी!"

एवढ्यात चौथ्या मजल्यावरून दारावर थापा सुरू झाल्या. भाषाशास्त्राचे मास्तर. "बेटोबा! आज तर पाटीपण नाही! माझ्या गुडघ्यांवर अभ्यास चाललाय का तुमचा?"

"दोन मिनिटं, मास्तर!" बेटोबा ओरडला. त्यानं खाली वाकून बुटाची नाडी सोडली, दुसऱ्या बुटाची सोडली, दोन्ही स्टुलाच्या पायाला बांधल्या आणि खेकड्याची गोष्ट पहिल्यापासून लावली. समुद्र बोलला, गाठ डावीकडून. जमीन बोलली, गाठ उजवीकडून. बोटं थकलेली होती पण चुकली नाहीत. बगळे आले, झाडं उशिरा आली, निकाल लागला, सगळे घरी गेले. बेटोबानं शेवटची गाठ दुहेरी घातली, वाकून दातानं आवळली आणि म्हणाला, "आणि खेकडा बिळातून डोकं काढून म्हणाला, मग मी जेवायचं कधी?"

पोरगी खाली वाकली. नाडीची गाठ निरखायला लागली.

"आई," ती हळूच म्हणाली.

"काय आई?"

"आई असंच करते. जाळं तर आता सगळे आयतंच आणतात, पण फाटलं की ती सांधते. शेवटची गाठ अशीच दातात धरते आणि म्हणते, मग मी जेवायचं कधी. ताटावरून उठून गेली असली तरी म्हणते! बाबा दर वेळी वैतागतात. म्हणतात, बाई, आत्ता जेवलीस ना? आई म्हणते, मला काय माहीत, आमच्यात म्हणतात." तिनं गाठीला बोट लावलं. "ही त्या गोष्टीची शेपटी आहे होय! गोष्ट गेली आणि शेपटी राहिली."

"मावशीची आहे ती," बेटोबा म्हणाला. त्याच्या दातांत अजून नाडी होती, त्यामुळे त्याहून जास्त बोलता आलं नाही.

त्यानं दांडा फिरवला. चौथ्यावर मास्तर आत आले, सुटलेल्या नाड्या पाहिल्या, लाल डोळ्यांची पोरगी पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता उभे राहिले.

पण पोरगी लगेच खूष झाली असं कुणी समजू नका. ती आठ दिवस जिन्यानं गेली. जाता येता लिफ्टकडे बघून मान फिरवायची. बेटोबानं ते गिळलं. त्याला वाटलं, आपण होऊन दिलेलं काढून घेतलं, राग येणारच. नवव्या दिवशी ती लिफ्टमध्ये शिरली, पिशवीतून सुतळीचा गुंडा काढून त्याच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "आईला फोन केला. गोष्ट सांगितली. तीन वेळा सांगायला लावली तिनं. आता दहा राहिल्या. चला, गाठी दाखवा. आणि मामा, कोल्हा मात्र शाळेच्या दारावरून काढायचा नाही, लहान पोरं रडतील."

"राहू दे. सावली तेवढी बेताची काढा म्हणावं."

तिनं आराखडा फाडून नवा लिहिला होता. लिफ्टमधून बेटावर गेलेल्या चाळीस गोष्टी, आणि न गेलेल्या अकरा. तो साहेबांच्या टेबलावर गेला आणि साहेब लिफ्टमध्ये दिसेनासे झाले. पाच मजले, सुटलेलं पोट, तरी जिन्यानं. एक आठवडा, दुसरा आठवडा. पाचव्या मजल्यावर कुजबुज होती की आराखडा नामंजूर होणार. मंजूर केला तर नऊ प्रबंध कोसळतात, त्यातला पहिला खुद्द साहेबांचा. बेटोबाला स्वतःची काळजी उरली नव्हती. त्याला घोर एकच, मावशी परत खणात जाऊन पडते की काय.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी, अकरा वाजता, साहेब लिफ्टपाशी येऊन उभे राहिले. गुडघ्याला पट्टा बांधलेला. आत आले. बेटोबानं दारं ओढली. पहिला, दुसरा, तिसरा. कुणी कुणाकडे बघेना. चौथा गेल्यावर साहेबांनी घसा साफ केला.

"बेटोबा, तो कोल्हा... पूर्वी तरी होता ना?"

तेहेतीस वर्षांपूर्वी दिव्याला डोकं आपटून घेणारा काडीसारखा पोरगा बेटोबाला त्या पोटामागे स्पष्ट दिसला. 'होता' हा शब्द जिभेच्या टोकावर आला, सवयीनं. त्यानं तो गिळला.

"नव्हता, साहेब."

लिफ्ट पाचव्यावर लागली. साहेब उतरले नाहीत. जाळीतून आपल्या विभागाच्या दाराकडे बघत राहिले. मग एकदम पोट हलवून हसायला लागले. हसता हसता भिंतीला टेकले.

"साठ पानं हो! साठ पानं लिहिली मी त्यावर! परीक्षकांनी तर 'मौलिक' म्हटलं होतं. आता काय, पदवी परत मागतील? मागू देत. फ्रेम जड आहे, त्यांनाच न्यायला लावीन." त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "खाली घ्या."

"खाली?"

"तळमजल्याला घ्या आणि पाटी लावा. पोरीच्या कागदावर सही करून आलोय मी. पण ते पुढचं. आधी मला सांगा, तुमच्याकडे होतं काय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न असा कुणी विचारला नव्हता. बेटोबाला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"आमच्याकडे अकरा होत्या," तो म्हणाला.

"माहीत आहे. मीच उतरवून घेतल्या आणि खणात टाकल्या. परत सांगा."

तळमजल्यावर पाटी लागली. पोरगी आधीच सतरंजी घालून बसली होती, तिनं साहेबांना स्टूल दिलं, कारण गुडघा. बेटोबा स्वतः सतरंजीवर बसला, सुतळी पायाच्या अंगठ्याला अडकवली आणि मावशीची दुसरी गोष्ट लावली. तीत एक वारा असतो आणि त्याला घर नसतं. गाठ डावीकडून, गाठ उजवीकडून. भाषाशास्त्राचे मास्तर आले, पाटी वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि जिन्याकडे वळता वळता दाराशीच ऐकत उभे राहिले.

वारा अर्ध्या समुद्रात पोचला असेल नसेल, साहेब स्टुलावरून पुढं झुकले. डोळे चमकत होते. जुनी खोड.

"बेटोबा, एक मिनिट! असाच एक वारा, दक्षिणेकडच्या गवताळ भागातले लोक आहेत ना, त्यांच्याकडे आहे. तो एका म्हातारीच्या मडक्यात राहतो. तसं मडकं काही तुमच्याकडे..."

"नाही," बेटोबा म्हणाला, आणि मान वर न करता पुढची गाठ घातली.